परभणीच्या उन्हाला ओळखणारी इमारत

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे परभणीकर अभिमानाने सांगतात. बांधकामाच्या बाबतीत ही जोडी लावून पाहण्यासारखी आहे. जर्मनीतल्या डार्मश्टाट शहरात 1991 मध्ये पहिले ‘पॅसिव्ह हाउस’ उभे राहिले. जाड उष्णतारोधक भिंती, फट नसलेल्या खिडक्या आणि कडाक्याच्या थंडीतही नावापुरते इंधन, ही त्याची ख्याती. परभणीचा प्रश्न मात्र दुहेरी आहे. मे महिन्यात इथे पारा 42-43 अंशांवर जातो, तर डिसेंबर 2018 मध्ये इथल्या कृषी विद्यापीठाच्या परिसरात तो 2 अंशांपर्यंत उतरला होता. एकाच भिंतीला दोन्ही सोसायचे असते.

हा प्रश्न आधी वर्गखोल्यांना पडायला हवा, कारण पर्यावरणाचा अभ्यास आता प्रत्येक पदवीधराच्या वाट्याला येतो. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये आदेश दिला, पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम आखला आणि त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले. पुस्तक आले, परीक्षा आली. ज्या वर्गात हा विषय शिकवायचा, तो वर्ग कसा असावा याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

ती चर्चा बांधकामातून झाली कानपूरला. तिथल्या आयआयटीतील पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकी केंद्राची इमारत ही ‘ग्रिहा’ या भारतीय हरित मानांकनाचे पाच तारे मिळवणारी देशातली पहिली इमारत. आराखडा कानविंदे, राय आणि चौधरी या संस्थेचा. संस्थेचे संस्थापक अच्युत कानविंदे मूळचे कोकणातल्या आचऱ्याचे. कानपूर आयआयटीचा मूळ परिसर आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ ही त्यांचीच कामे.

कानपूरच्या या इमारतीचा खरा धडा कामाच्या क्रमात आहे. नेहमीच्या पद्धतीने बांधली असती तर तिला दर चौरस मीटरला वर्षाकाठी सुमारे 240 युनिट वीज लागेल, असा आराखड्याच्या वेळचा हिशेब होता. आधी भिंती, छत, काचा आणि सावली सुधारली. मग दिव्यांची गरज कमी केली. वातानुकूलन यंत्रांचा विचार त्यानंतर. असे करत आकडा 98 युनिटांवर आला. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटे होते. पश्चिमेला काचेची भिंत उभारायची, आत भट्टी पेटली की एसी वाढवायचे आणि शेवटी गच्चीवर चार सौर पॅनेल बसवून इमारतीला ‘हरित’ म्हणायचे.

कानपूरच्या इमारतीत हवा जमिनीखालून फिरवून थंड करण्याचीही सोय आहे. तीन-चार मीटर खोलीवर मातीचे तापमान वर्षभर फारसे हलत नाही. पुरलेल्या नळातून बाहेरची झळ ओढली की ती निवून आत येते, हिवाळ्यात तीच हवा थोडी ऊब घेऊन येते.

परभणीत अशी इमारत उद्या बांधायची झाली, तर कानपूरची नक्कल पुरणार नाही. परभणी कर्कवृत्ताच्या बरीच दक्षिणेला आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली लपते. म्हणजे उन्हाचा सगळ्यात मोठा मारा छतावर. जुन्या माळवदाच्या घरांनी हे केव्हाच ओळखले होते. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा किलच आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. दुपारची धग त्या मातीतच अडकायची, खाली पोचेपर्यंत दिवस कलायचा. आज त्या जागी उघडा काँक्रीट स्लॅब आला, आणि मे महिन्यात वरच्या मजल्यावर बसणे म्हणजे शिक्षा झाली. माती परत चढवणे शक्य नसेल, तर उष्णतारोधक थर, पांढऱ्या फरशा आणि सौर पॅनेलांची सावली एवढे तरी करता येते. दक्षिणेच्या खिडक्यांना साधा छज्जाही पुरतो. पूर्व-पश्चिमेचे तिरपे ऊन छज्ज्याला जुमानत नाही, म्हणून त्या बाजूंना खिडक्या कमीच हव्यात.

जमिनीचाही विचार करावा लागतो. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि उथळ पायावरच्या भिंती तडकवते. त्यामुळे पाया खाली मुरमापर्यंत न्यायला हवा आणि जमिनीखालचे नळही त्याच काळजीने टाकायला हवेत.

पाण्याचा हिशेब तर साधा आहे. वर्षाला 900 मिलिमीटर पाऊस धरला, तर हजार चौरस मीटर छतावर नऊ लाख लिटर पाणी पडते. थोडे वाया गेले तरी सात लाख लिटर हाती राहते. वालूर आणि चारठाण्याच्या बारवा ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे हे पाणी गटारात सोडणे क्षम्य नाही.

परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ 18 मे 1972 रोजी, दुष्काळाच्या वर्षी स्थापन झाले. ऊन, पाऊस आणि वाऱ्याच्या नोंदी ठेवणे हे त्याचे रोजचे काम आहे. परभणीत कोणतीही नवी शैक्षणिक इमारत बांधताना निविदा काढण्याआधी अशा नोंदी वास्तुकाराच्या टेबलावर असाव्यात. इमारत झाल्यावर तिची दरमहा वीज आणि पाणी किती, हे विद्यार्थ्यांनी स्वतः मोजून दारातल्या फळ्यावर लिहावे.