चाक वीज साठवतं, तयार करत नाही! 'फुकट वीज' यंत्राला पैसे देण्याआधी हा हिशोब बघा

भोर / वेल्हे : पावसाळ्यात तारेवर झाड पडलं, की डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांची लाईट गेलीच म्हणून समजा. अशा वेळी मोबाईलवर येणारा 'फुकट वीज'चा व्हिडिओ भुरळ घालतो. एक मोटार, तिला जोडलेलं जड चाक, चाकावरून पट्टा अल्टरनेटरला. चाक एकदा फिरलं की घरभर लाईट, असा दावा. या जड चाकाला फ्लायव्हील म्हणतात. ते खरंच ऊर्जा साठवतं, पण किती, ते समजून घ्यायला हवं.

आपल्या ओळखीचं चाक

फ्लायव्हील आपल्याकडे नवीन नाही. हाताच्या कडबाकुट्टीचं जड चाक हे फ्लायव्हीलच. किर्लोस्करचं किंवा साताऱ्याच्या कूपरचं जुनं डिझेल इंजिन आठवा. अशा इंजिनात चाकाच्या दोन फेऱ्यांत डिझेल एकदाच पेटतं. मधल्या वेळात इंजिन फिरतं ठेवतं ते बाजूचं जड चाक. म्हणजे मिळालेला जोर चाक धरून ठेवतं आणि लागेल तेव्हा परत देतं. स्वतःचा जोर त्यात काहीच नसतो.

किती वीज साठते?

समजा, १०० किलोचं, १ मीटर व्यासाचं चाक आहे आणि बहुतेक वजन कडेला आहे. ते मिनिटाला ६०० फेऱ्यांनी फिरवलं तर त्यात साधारण १४ वॅट-तास ऊर्जा साठते. काहीच वाया गेलं नाही असं धरलं, तर ९ वॅटचा एक बल्ब दीड तास चालेल. १००० वॅटचा हीटर लावला तर मिनिटभरही नाही.

एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. तेवढं साठवायला अशी ७० हून जास्त चाकं लागतील. उलट, घरच्या इन्व्हर्टरच्या १२ व्होल्ट, १५० एएच बॅटरीत कागदोपत्री १.८ युनिट मावतात.

मग वेग वाढवला तर?

वेग दुप्पट केला तर ऊर्जा चौपट होते, हे खरं. पण धोकाही त्याच पटीत वाढतो. बिडाच्या चाकाच्या कडेचा वेग ताशी साधारण ११० किलोमीटरच्या आत ठेवावा, असा जुना नियम आहे. वरचं चाक ६०० फेऱ्यांनाच तिथं पोचतं. तेच चाक १४४० फेऱ्यांच्या मोटारीला थेट जोडलं, तर कडेचा वेग ताशी २७० किलोमीटर होतो. चाक फुटलं तर तुकडे गोळीसारखे उडतील.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात २०११ मध्ये २०० फ्लायव्हीलचं २० मेगावॅटचं केंद्र उभं राहिलं. तिथली चाकं हवा काढलेल्या बंद टाकीत फिरतात. तेही रात्रभर वीज पुरवायला नाही, तर ग्रीडमधले काही मिनिटांचे चढउतार सांभाळायला.

फुकट वीज का शक्य नाही?

छोटी मोटार ८० टक्के, पट्टा ९५ टक्के आणि अल्टरनेटर ८० टक्के काम देतो असं धरा. १०० युनिट घातले, तर हाती ६० च्या आसपास येतात. चाक कितीही जड घ्या, हा तोटा भरून निघत नाही.

विकणारा आला तर त्याला एवढंच सांगा : बाहेरची वायर काढ, आत लपवलेली बॅटरी नाही हे उघडून दाखव आणि १००० वॅटचा हीटर सलग एक तास चालवून दाखव. तोवर ॲडव्हान्स देऊ नका.

स्वस्तात खरा उपयोग कुठे?

जिथे जोर झटक्या-झटक्यानं लागतो, तिथे फ्लायव्हील कामाचं. कडबाकुट्टीत पेंढ्याचा जाड घास आला की चाकातली ऊर्जा मदतीला येते, आणि मोटार अडकत नाही. असं चाक बसवताना :

• वजन मध्यभागी नको, कडेला जास्त हवं.
• लेथवाल्याकडून बॅलन्स करून घ्या. थरथर वाढली की बेअरिंग जातं.
• तडा गेलेलं किंवा वेल्डिंग केलेलं भंगारातलं चाक वापरू नका.
• चाकाला आणि पट्ट्याला मजबूत जाळी लावा. पदर, मफलर, लहान मुलं लांब ठेवा.
• स्विच बंद केल्यावरही चाक फिरत राहतं. पूर्ण थांबेपर्यंत हात घालू नका.

रात्रीच्या दोन-चार बल्बांसाठी मात्र छोटं सोलर पॅनल आणि बॅटरी हाच आजतरी परवडणारा मार्ग आहे.