हिमोग्लोबिन कमी, पण लोह किती?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या माजरीचा कोळसापट्टा असो की पूर्वेकडचं गडचिरोलीचं जंगल, पोषणाची पहिली तपासणी बहुधा बोटाच्या टोकावरच्या रक्ताच्या थेंबानेच होते. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली आलं की रक्तक्षय ठरतो आणि लोहाच्या गोळ्या हाती पडतात.

तो कशामुळे झाला, हे मात्र तो थेंब सांगत नाही.

शरीरातला लोहाचा साठा कळतो फेरिटिनवरून. निरोगी प्रौढात ते लिटरमागे १५ मायक्रोग्रॅमच्या खाली गेलं, तर लोहाची कमतरता धरतात. पण अंगात संसर्ग असला की फेरिटिन वाढतं; हिवतापाच्या भागात साठा रिता असूनही आकडा चांगला दिसू शकतो. म्हणून सोबत सीआरपी ही दाह दाखवणारी चाचणी हवीच. २०१६-१८च्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात दोन्ही मोजली गेली. १ ते ४ वर्षांच्या मुलांत रक्तक्षय ४१ टक्के निघाला, लोहाची कमतरता ३२ टक्के.

चंद्रपूर-गडचिरोलीत आणखी एक गुंता आहे, सिकलसेलचा. त्यात तांबड्या पेशी लवकर फुटतात आणि लोह पुरेसं असूनही हिमोग्लोबिन घसरतं. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णात तर लोह साठून राहतं. त्याला न तपासता गोळ्या देणं धोक्याचं. सोल्युबिलिटी चाचणीत नळीमागच्या काळ्या रेघा गढूळ द्रावणातून दिसेनाशा झाल्या, तर संशय पक्का होतो. वाहक की रुग्ण, हे पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीत कळतं.