गेरूच्या पट्ट्यात साठलेला काळ

गोदावरीकाठचा गाळ मागे टाकून जालना जिल्ह्यातल्या वडीगोद्रीकडून अंबडच्या चढाला लागले की विहिरीचा दगड बोलू लागतो. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग सछिद्र मांजऱ्या, त्याखाली सुरुंगालाही सहज न बधणारा काळा पाषाण. कुठेकुठे या पाषाणात हात-दोन हात जाडीचा लाल पट्टा लागतो. विहीर खोदणारे त्याला गेरू म्हणतात. पाषाणापेक्षा मला हा पट्टा मोलाचा वाटतो, कारण पाषाण हा उद्रेकाचा पुरावा आहे, तर गेरू हा दोन उद्रेकांमधल्या शांततेचा.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्ह्याचे थरावर थर पसरले. आज उरलेला दख्खनचा हा दगडी पसारा सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भरतो, आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. अंबडची मत्स्योदरी देवीची टेकडी असो वा उत्तरेची अजिंठ्याची रांग, घडण एकाच बेसाल्टची. त्याच्या वजनात निम्म्याच्या आसपास सिलिका असते. खनिजे पाहिली तर मुख्य दोनच: फिकट प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार आणि काळपट ऑगाइट. सोबतीला मॅग्नेटाइट, इल्मेनाइट आणि क्वचित हिरवट ऑलिव्हिन. लाव्हा भराभर निवल्याने कण इतके बारीक राहिले, की सूक्ष्मदर्शकाशिवाय ते वेगळे ओळखता येत नाहीत.

एक थर निवला आणि पुढचा यायला उशीर झाला, की मधल्या काळात ऊन-पावसाने पृष्ठभाग झिजे, माती होई, काही ठिकाणी ज्वालामुखीची राखही तीत मिसळे. नंतरच्या लाव्ह्याने ती माती दडपली आणि भाजली. तिच्यातल्या लोहाचे हेमॅटाइट झाले, तेच गेरूचे तांबडेपण. बाकीचा भाग चिकणमातीच्या खनिजांचा. ती पाणी सहजी खाली जाऊ देत नाहीत, म्हणून अनेकदा गेरूच्या वरच्या सछिद्र थरातच पाणी अडते.

विश्रांती लांबली आणि खोलगट जागा मिळाली, तिथे तळी साचली. नागपूरजवळच्या टाकळीला अशा तळ्यांचा गाळ सापडला. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यातले जीवाश्म गोळा केले. मुंबईत वरळीच्या टेकडीतल्या अशाच थरात बेडकांचे सांगाडे निघाले. या गाळात शिरलेल्या सिलिकेने झाडांच्या पेशींपर्यंतचे तपशील जपले. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींनी या वनस्पती-जीवाश्मांचा अनेक वर्षे अभ्यास केला.

मांजऱ्या थराची गोष्ट निराळी. लाव्ह्यातल्या वायूंचे बुडबुडे होते तिथे पोकळ्या राहिल्या, आणि पुढे दगडात झिरपणाऱ्या उष्ण पाण्याने त्या भरल्या. स्टिल्बाइट, ह्युलँडाइट, स्कोलेसाइट ही झिओलाइटे, शिवाय कॅल्साइट, अकीक, गारगोटी. जळगाव, पुणे, नाशिककडच्या खाणींतले असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. काही पोकळ्यांना सेलॅडोनाइट या हिरव्या खनिजाचे अस्तर असते. अजिंठ्याच्या चित्रकारांनी हिरवा रंग अशाच मातीचा वापरला, लाल आणि पिवळा गेरूचा, काळा काजळीचा. निळा लाजवर्द तेवढा दूरदेशीहून आला. ज्या डोंगरात लेणी कोरली, त्याच डोंगराने भिंतींना रंग दिले, ही गोष्ट अजिंठ्याला गेल्यावर मला नेहमी थक्क करते.

अकीकाचा प्रवास याहून लांबचा. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तकात नोंद आहे की पैठणहून गाड्या भरभरून अकीकासारखा पट्टेदार दगड भडोचला जाई. गोदावरीच्या वाळूत आजही त्याचे गोटे मिळतात. सातवाहनांच्या राजधानीचा तो व्यापार बेसाल्टच्या पोकळ्यांवर उभा होता, असे म्हटले तर फार चूक होणार नाही.

हाच बेसाल्ट कुजून वडीगोद्रीची काळी जमीन झाली. तिच्यातले मॉन्टमोरिलोनाइट पाणी शोषून फुगते आणि सुकले की आकसते. उन्हाळ्यातल्या पायभर भेगा त्याच्याच. जालन्याची मोसंबी भौगोलिक मानांकनाची मानकरी आहे, पण तिच्या मुळांना साचलेले पाणी मुळीच सोसत नाही. म्हणून बाग लावताना काळीच्या खाली मुरूम किती खोल आहे, हे जाणकार शेतकरी आधी पाहतो.

याच जमिनीला पाणी देणाऱ्या, गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी 1965 साली झाली आणि 1976 मध्ये ते राष्ट्राला अर्पण झाले. डाव्या कालव्याने या भागाचे नशीब पालटले, यात वाद नाही. पण जिथे भरभरून पाणी दिले गेले आणि निचऱ्याचा विचार मागे पडला, तिथे काही शिवारे चिबड झाली. फुगलेल्या मॉन्टमोरिलोनाइटमधून पाणी हलत नाही, क्षार वर येतात आणि जमिनीवर पांढरी पूड बसते. त्यावर उपाय म्हणून मोजून पाणी द्यायचे आणि ओलावा मुरमापर्यंत नेणारा चर काढायचा, म्हणजे खालच्या कुजलेल्या दगडातून पाण्याला वाट मिळते.