चार आठवड्यांची दिदी

गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीला आमच्या वन्संची मुलगी नेपाळहून आली, ती थेट आमच्याच घरी उतरली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन पोर चार आठवडे काठमांडूच्या एका अनाथालयात सेवा करायला गेली होती. चहा होईतो तिनं दिवाणावर मांडी ठोकली आणि मोबाइलमधले फोटो दाखवायला सुरुवात केली. मुलं गाणी म्हणताहेत, मुलं ओळीनं हात धुताहेत, सात-आठ चिमुरडी तिच्या गळ्यात पडली आहेत. मला तर भरूनच आलं. तिच्या वयात सुट्टीत मी काय केलं होतं? फार तर कुरडया घातल्या!

बोलता बोलता तिनं एक हकिकत सांगितली, अगदी सहज. शेवटच्या आठवड्यात एक बाई फाटकाशी येऊन उभी राहिली. जुमल्याहून आलेली, दोन दिवस बसचा प्रवास करून. हातात अक्रोडांची पिशवी. एक सात वर्षांचा मुलगा "आमा, आमा" करत धावला. संचालकांनी त्याला आत नेलं, बाईला काहीतरी सांगून वाटेला लावलं आणि हिला म्हणाले, "गावाकडची कुणी नातेवाईक आहे."

सासूबाई चष्मा पुशीत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, नेपाळीत आमा म्हणजे काय?"

"आई," भाची म्हणाली, आणि तिचं तिलाच ऐकू आल्यासारखी गप्प झाली.

त्या रात्री ती जेवली नाही. मलाही झोप येईना. मुलीला कौतुकानं धाडणाऱ्यांत मीही होतेच की. ४५ हजार रुपये भरताना वन्सं जरा कां कू करत होत्या, तेव्हा "चांगल्या कामाला नाही म्हणू नये" असं मीच त्यांना सुनावलं होतं. मग आम्ही दोघींनी मिळून वाचायला घेतलं.

नेपाळात १९९६ ते २००६ माओवाद्यांचं यादवी युद्ध चाललं. त्या काळात हुमला जिल्ह्यासारख्या दूरच्या डोंगरी भागात दलाल फिरायचे. "मुलाला काठमांडूला नेतो, इंग्रजी शाळेत घालतो, लढाईपासून जपतो," असं सांगायचे. आईबाप उधार-उसनवार करून, जमीन विकून पैसे द्यायचे. मुलं शहरात पोचली, की कागदोपत्री अनाथ व्हायची. कॉनर ग्रेनन नावाचा अमेरिकन तरुण २००४ साली काठमांडूजवळच्या गोदावरी गावात अशाच एका बालगृहात थोडे दिवस मदतीला आला होता. आपली मुलं अनाथ नाहीतच, हे त्याला पुढं कळलं. मग तो पायी हुमल्याचे डोंगर चढला आणि मुलांचे फोटो दाखवत आईबाप शोधत फिरला. बरेचसे सापडले! त्यानं त्यावर पुस्तकही लिहिलं आहे.

युद्ध संपलं, पण गरिबी काही संपली नाही. २५ एप्रिल २०१५ला मोठा भूकंप झाला, तेव्हा याच भीतीनं नेपाळ सरकारनं पालकांवाचून मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घातली आणि नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली. मला खरा धक्का बसला तो नकाशा पाहून. गरिबी डोंगरात, आणि बालगृहं मात्र बरीचशी काठमांडूच्या खोऱ्यात, पोखऱ्याला, चितवनला. म्हणजे जिथं पर्यटक उतरतात तिथं. पाहुणे पैसे देतात म्हणून मुलं लागतात, आणि मुलं लागतात म्हणून ती डोंगरातून आणली जातात. आमच्या ४५ हजारांतले किती त्या पोराच्या ताटात पडले, कोण जाणे. भाची म्हणाली, "मामी, आम्ही दिलेले स्वेटर दुसऱ्या दिवशी मुलांच्या अंगावर नसायचे. मला वाटायचं, धुवायला टाकले असतील."

आणि हे नेपाळपुरतंच नाही. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत अनाथालयं सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. युनिसेफच्या मदतीनं तिथं झालेल्या २०११ सालच्या पाहणीत दिसलं, की चारांतल्या जवळजवळ तीन मुलांची आई किंवा वडील हयात आहेत. ऑस्ट्रेलियानं २०१८ साली गुलामगिरीविरोधी कायदा करताना या प्रकाराचीही दखल घेतली.

सगळीच बालगृहं अशी असतात, असं मी म्हणणार नाही. ज्याला खरोखर कुणी नाही, त्याला छप्पर हवंच. पण समजा संचालक देवमाणूस आहे, तरी एक गोष्ट उरतेच, आणि ती शिक्षिका म्हणून मला आधी सुचायला हवी होती. मी सकाळच्या शाळेत पहिलीला शिकवते. जूनमध्ये आलेलं मूल माझा पदर धरायला दिवाळी उजाडते. माझी धाकटी तर पाहुणा दिसला की अजून माझ्या मागं लपते. सांभाळलेलं मूल असं असतं. पहिल्याच दिवशी अनोळखी मुलीच्या गळ्यात पडणारं मूल प्रेमळ नसतं हो, भुकेलेलं असतं. बी.ए.ला मानसशास्त्र होतं मला. जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी जो अहवाल लिहिला, त्याचं सार हेच, की मुलाला आईची किंवा तिची जागा घेणाऱ्या एका माणसाची सततची माया लागते. परीक्षेत लिहून दहापैकी सात मिळवले आणि विसरले! त्या घरात दर महिन्याला नवी दिदी येते, लळा लावते आणि विमानात बसते. आमची मुलगी निघाली, तेव्हा ती पोरं रडलीसुद्धा नाहीत, याचं तिला वाईट वाटलं होतं. आता वाटतं, ती रडली नाहीत हेच वाईट.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात कुणी असं जायला निघालं, तर मोडता घालू नका, पण चार प्रश्न जरूर विचारा. मुलांचे आईवडील शोधायला आणि घरी पोचवायला संस्था काय करते? मी गेल्यावर माझं काम कोण करणार? तिथल्याच बाईला पगार देऊन ते होणार नाही का? आणि माझी चौकशी तुम्ही कशी करणार? आमच्या शाळेच्या व्हॅनच्या ड्रायव्हरलासुद्धा पोलिसांचा दाखला लागतो. हिला कुणी नावगावाखेरीज काही विचारलं नव्हतं, पैसे मात्र आगाऊ घेतले. अंगात काही कसब असेल, तर तिथल्या शिक्षकांना शिकवावं. नसेल तर सरळ डोंगर पाहायला जावं, गावातल्या घरी उतरावं, जेवणाखाण्याचे पैसे त्या घरच्या बाईच्या हातात ठेवावेत.

आणि इतक्या लांब कशाला? मुलाच्या वाढदिवसाला बालकाश्रमात केक घेऊन जाणं, तिथल्या मुलांना ओळीत बसवून फोटो काढणं, हे आमच्याही घरात झालं आहे. यंदा नाही केलं. धाकटी रुसली, "हे" म्हणाले, "फार विचार करतेस बुवा." असेल.

भाचीनं नेपाळच्या राष्ट्रिय बालअधिकार परिषदेला पत्र पाठवलं आहे. बालगृहाचं नाव, त्या मुलाचं नाव, ती बाई आली तो दिवस, सगळं त्यात लिहिलं. महिना झाल्यावर दुसरं पाठवलं. त्या मुलाचा एकटाच फोटो तिनं ओळख पटवायला म्हणून ठेवला, बाकीचे पुसून टाकले. सासूबाई दर रविवारी तिला फोन करून विचारतात, "उत्तर आलं का गं?" अजून आलेलं नाही. तिसऱ्या पत्राचा मसुदा माझ्या टेबलावर आहे, शुद्धलेखन तपासायला.