आडनावांचा चोरटा प्रवास

मुलाचे नाव ठेवण्याचा मान आत्याचा. कथेतल्या पात्राचे बारसे मात्र लेखकाला एकट्यालाच उरकावे लागते. मग तो बिचारा ओळखीपाळखीची नावे उसनी घेतो. अमेरिकेतल्या विल्सन टकर या विज्ञानकथाकाराला ही खोड इतकी होती की, मित्रांची नावे पात्रांना देण्याच्या या प्रकाराला तिकडे त्याच्याच नावाने ओळखू लागले!

बहुधा ही थट्टाच असते. १९३५ साली तरुण रॉबर्ट ब्लॉकने आपल्या कथेत, ज्यांना तो गुरू मानी त्या लव्हक्राफ्टसारख्याच एका पात्राला ठार केले. तेही त्यांची लेखी परवानगी घेऊन. गुरुजींनीही उट्टे काढले. त्यांच्या कथेत रॉबर्ट ब्लेक नावाचा लेखक मेला!

पण एकदा हीच गंमत एका संपादकाच्या खुर्चीवर बेतली. आर्थर क्लार्क यांची '२०१०: ओडिसी टू' ही कादंबरी १९८२ साली प्रसिद्ध झाली. तीत एक रशियन यान गुरू ग्रहाकडे निघते. यानाला नाव दिले आहे लिओनोव्ह यांचे. १९६५ साली यानाबाहेर अंतराळात पाऊल टाकणारे पहिले मानव ते हेच. यानावरच्या मंडळींची आडनावे पाहा : ऑर्लोव्ह, कोवाल्योव्ह, रुदेन्को, याकुनिन, मार्चेन्को. आपल्याकडच्या जोशी-कुलकर्ण्यांसारखी साधी नावे. एकेकटे वाचले तर कोणालाही संशय येऊ नये. ओळीने वाचली की मात्र हजेरीपट तयार होतो, आणि तो सोव्हिएत सरकारने तुरुंगात वा हद्दपारीत टाकलेल्या माणसांचा!

१९८४ साली मॉस्कोच्या 'तेख्निका मोलोद्योझी' या मासिकात ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. दोन हप्ते छापून झाले आणि कोणीतरी हा हजेरीपट वाचला. तिसरा हप्ता आला नाही. संपादक वासिली झाखारचेन्को यांचे पद गेले.

क्लार्क श्रीलंकेत सुरक्षित होते. किंमत मोजली ती मॉस्कोतल्या माणसाने. उसन्या नावाचे व्याज कोणाला भरावे लागेल, हे लेखकाने आधी पाहायला नको का? असे मनात येते खरे. पण मग आठवतो अनातोली मार्चेन्को. डिसेंबर १९८६ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, तो कैदेतच वारला. तुरुंगाचा दरवाजा त्याला ओलांडता आला नाही. त्याचे आडनाव मात्र गुरूपर्यंत जाऊन आले.