लेख यंत्राचा, श्वास रुग्णाचा

२०२१ च्या मे महिन्यातली गोष्ट. कोविडची दुसरी लाट जोरात होती. ऑक्सिजनचे जम्बो सिलिंडर उतरवणाऱ्या कामगारांना रात्री झोप नव्हती, आम्हा डॉक्टरांनाही नव्हती. अशात आमच्या सरकारी रुग्णालयात हवेतूनच ऑक्सिजन वेगळा करणारा पीएसए प्लांट बसवायचं ठरलं. खरेदी समितीत विद्युत विभागाचे एक अभियंता होते आणि 'वापरणारा' म्हणून मी होतो. मी मेडिसिनचा डॉक्टर. झिओलाइट हा शब्द बारावीनंतर पहिल्यांदाच कानावर पडत होता.

कोटेशनच्या फायलीबरोबर कुणीतरी एक इंग्रजी औद्योगिक मासिक ठेवलं होतं. त्यात पीएसए प्लांटवर तीन पानी लेख होता. आकृत्या, आलेख, तक्ते सगळं व्यवस्थित. वैद्यकीय जर्नलमधला शोधनिबंध वाचावा तितक्या विश्वासाने मी तो दोनदा वाचला. बैठकीत त्यातली दोन-तीन वाक्यं ऐकवून भावही खाल्ला. प्लांट आला, सुरू झाला, आम्ही निश्चिंत झालो.

पुढच्या पावसाळ्यात एका पहाटे प्लांटचा अलार्म वाजला. ऑक्सिजनची शुद्धता ९० टक्क्यांच्या खाली आली की तो वाजतो. मीटरवर आकडा होता ८१. राखीव सिलिंडर जोडलेले होते, पुरवठा आपोआप त्यांच्यावर गेला आणि वॉर्डातल्या एकाही रुग्णाला त्रास झाला नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीचा सर्व्हिस इंजिनीअर आला. त्याने एक झाकण उघडलं आणि म्हणाला, "साहेब, ड्रायरचा ड्रेन तुंबलाय. पाणी पुढे गेलं, झिओलाइट भिजला. आता तो बदलावा लागेल."

"हे आधी कुणी सांगितलं का नाही?"

"आम्हा सर्व्हिसवाल्यांना सगळ्यांना माहीत असतं, साहेब. पावसाळ्यात हीच तक्रार जास्त येते."

संध्याकाळी मी ते मासिक शोधून पुन्हा वाचलं. तीन पानांत दमट हवेबद्दल एक ओळ नव्हती. शेवटी बारीक अक्षरात लेखकाचं नाव होतं आणि त्याखाली हुद्दा: त्याच कंपनीच्या विपणन विभागाचे प्रमुख. लपवलेलं काही नव्हतं. न वाचणारा मीच होतो.

आता हा पाणी-प्रकार समजून घ्यायचा तर प्लांटचं काम थोडक्यात पाहू. आपल्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि जेमतेम १ टक्का आर्गॉन असतो. कॉम्प्रेसर ही हवा दाबून एका उभ्या टाकीत सोडतो. टाकीत झिओलाइटचे दाणे असतात. दाब वाढला की हे दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे निघून जातो. दाणे नायट्रोजनने भरले की दाब सोडायचा, नायट्रोजन बाहेर जातो. तोवर शेजारची दुसरी टाकी काम करते. अशा दोन टाक्या आळीपाळीने चालतात. आर्गॉन मात्र ऑक्सिजनबरोबरच पुढे जातो. म्हणून अशा प्लांटमधून शंभर टक्के ऑक्सिजन मिळत नाही. ९३ टक्के, त्यात तीनने कमी-जास्त, एवढा मिळतो आणि उपचारासाठी तो मान्य आहे. पण झिओलाइटला नायट्रोजनपेक्षाही पाणी अधिक प्रिय. एकदा पाणी धरलं की तो ते सहजासहजी सोडत नाही. मग नायट्रोजनला जागा उरत नाही आणि तो ऑक्सिजनबरोबर थेट रुग्णाच्या नाकापर्यंत जातो. कॉम्प्रेसरमधून आलेलं तेलही असंच नुकसान करतं. म्हणून टाकीच्या आधीचे ड्रायर आणि फिल्टर हा प्लांटचा प्राण. लेखात नेमका तोच नव्हता.

असे लेख लिहितं कोण, हे मला पुढे घरातच कळलं. माझ्या मावसभावाची मुलगी मेकॅनिकल इंजिनीअर. चाकणच्या एका कारखान्यात चार वर्षं काढून आता ती पुण्यात घरूनच इंजिनीअरिंग कंपन्यांसाठी तांत्रिक लेख लिहिते. कुणाचा पंप, कुणाचा बॉयलर, कुणाचा व्हॉल्व्ह. दिवाळीला भेटली तेव्हा मी तिला माझी ही कहाणी सांगितली. ती हसली. म्हणाली, "काका, नाव साहेबांचं असतं, लिखाण माझं आणि पैसे कंपनीचे. मासिकाला फुकट मजकूर मिळतो. यात कुणाचीच तक्रार नसते."

तिने कामाची रीतही सांगितली. कंपनी विषय देते. मासिकाचे संपादक सहसा दोन अटी घालतात: लेखात कंपनीचं नाव सारखं नको आणि 'सर्वोत्तम', 'एकमेव' असली विशेषणं नकोत. मग ती कंपनीतल्या एखाद्या अभियंत्याशी तासभर बोलते, आकृत्या मागवते आणि हजार-दीड हजार शब्द लिहिते. मसुदा आधी तांत्रिक विभागाकडे जातो, मग सेल्सकडे. "तांत्रिकवाले चुका काढतात," ती म्हणाली, "आणि सेल्सवाले अडचणी काढतात." म्हणजे यंत्र कुठे अडतं ते लिहिलेली वाक्यं. लेखात खोटं काही राहत नाही. खरं मात्र अर्धंच उरतं.

तिला उपदेश करायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण या बाबतीत आम्हा डॉक्टरांचा इतिहास तिच्या धंद्यापेक्षा वाईट आहे.

व्हायॉक्स हे सांधेदुखीवरचं औषध अमेरिकेत १९९९ मध्ये बाजारात आलं. हृदयविकाराचा धोका वाढतो असं दिसल्यावर मर्क कंपनीने ते ३० सप्टेंबर २००४ रोजी जगभरातून मागे घेतलं. पुढे कोर्टकज्ज्यांत कंपनीची कागदपत्रं बाहेर आली. ती तपासून काही संशोधकांनी २००८ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की, या औषधावरच्या अनेक लेखांचे मसुदे कंपनीच्या नोकरांनी किंवा पैसे घेऊन लिहिणाऱ्या संस्थांनी तयार केले होते आणि त्यावर नाव टाकायला विद्यापीठातले डॉक्टर नंतर शोधले गेले. याच कंपनीच्या पैशांवर ऑस्ट्रेलियात हाडं-सांध्यांवरचं एक 'जर्नल'ही निघत होतं. दिसायला ते वैद्यकीय नियतकालिकासारखं, पण पैसे कोण देतं हे वाचकाला सांगितलेलं नव्हतं. २००९ मध्ये हे उघड झालं.

दुसरं उदाहरण मुलांचं आहे. पॅरोक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळीचा किशोरवयीन मुलांवरचा अभ्यास २००१ मध्ये छापून आला. लेखक म्हणून बावीस जणांची नावं होती. मसुदा मात्र कंपनीने पैसे देऊन नेमलेल्या लेखिकेचा होता. औषध परिणामकारक आहे आणि मुलांना सोसतं, असा लेखाचा निष्कर्ष. त्याच अभ्यासाची मूळ माहिती स्वतंत्र संशोधकांनी पुन्हा तपासली आणि २०१५ मध्ये 'बीएमजे'त निष्कर्ष छापला: या मुलांमध्ये औषध परिणामकारक नव्हतं आणि आत्महत्येच्या विचारांसह इतर अपाय वाढलेले होते. पहिला लेख वाचून जगभर डॉक्टरांनी चिठ्ठ्या लिहिल्या, त्या मधल्या चौदा वर्षांत.

आज वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे नियम आहेत. ज्याचं कामात भरीव योगदान आहे, ज्याने मजकूर लिहिला किंवा गांभीर्याने तपासला, अंतिम मसुदा मान्य केला आणि प्रत्येक शब्दाची जबाबदारी घेतली, तोच लेखक. लिहायला मदत घेतली असेल तर त्या व्यक्तीचं नाव आणि पैसे देणाऱ्याचं नाव लेखातच सांगायचं. नियम मोडणारे आजही आहेत, पण निदान बोट ठेवायला नियम आहे.

याचा अर्थ कंपनीने लिहूच नये असा नाही. यंत्राची माहिती ते बनवणाऱ्याइतकी कुणाला असणार? आणि कंपनीने वाचकाशी बोलण्याची परंपरा मराठीत तर जुनी आहे. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं ते कारखान्याचं मुखपत्र म्हणूनच. पुढे त्यातूनच 'किर्लोस्कर' मासिक उभं राहिलं. कोण बोलतंय हे त्याच्या नावातच होतं. तेवढं कळलं की वाचक आपला हिशेब आपण करू शकतो.

हिशेब कसा करायचा, याचं एक उदाहरण. '५०० लिटर प्रतिमिनिट क्षमता' असं लेखात लिहिलेलं असतं. ऐकायला भरपूर वाटतं. दिवसभराचे होतात ७ लाख २० हजार लिटर. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७ हजार लिटर धरले तर शंभराहून थोडे जास्त सिलिंडर. मिनिटाला ५ लिटर लागणारे शंभर रुग्ण त्यावर निभावतात. पण नाकावाटे जोराचा प्रवाह देणाऱ्या यंत्रावर एकेका रुग्णाला मिनिटाला ५०-६० लिटर लागू शकतात. असे आठ-दहा रुग्ण आले की प्लांट संपला. शिवाय उन्हाळ्यात आणि उंचावरच्या गावात हवा विरळ, त्यामुळे तोच कॉम्प्रेसर कमी हवा ओढतो. वीज गेली की सगळंच थांबतं. हे लिहिलं तर यंत्राची बदनामी होत नाही. घेणारा जनरेटर, ड्रायर आणि राखीव सिलिंडर यांची सोय आधीच करतो, एवढंच.

हा प्रश्न फक्त रुग्णालयांचा नाही. दुसऱ्या लाटेत अनेक घरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आले. ते यंत्र म्हणजे पीएसए प्लांटचंच धाकटं भावंड, आत तोच झिओलाइट. '१ ते ७ लिटर' असं लिहिलेल्या काही स्वस्त यंत्रांत शुद्धता ९० टक्के मिळायची ती फक्त १ लिटरला. प्रवाह वाढवला की ती झपाट्याने घसरायची. नळी जोरात फुरफुरत होती म्हणून घरचे समाधानी आणि रुग्णाचं बोटावरचं यंत्र ८५ दाखवतंय, असे प्रसंग मी पाहिले आहेत. असं यंत्र आजही घरी वापरात असेल तर फिल्टर वेळेवर धुवा, दमट कोपऱ्यात ठेवू नका आणि आपल्याला लागणाऱ्या प्रवाहाला शुद्धता किती मिळते, ते वर्षातून एकदा मीटर लावून तपासून घ्या.

वॉटर प्युरिफायर असो, एअर प्युरिफायर असो की बीपीचं यंत्र, त्याबद्दलचा छापील 'तांत्रिक लेख' हाती आला की मी आता आधी शेवटची ओळ वाचतो: लिहिणारा कोण, पगार कुणाचा. मग आकडा कोणत्या परिस्थितीतला आहे ते पाहतो. आणि शेवटी, यंत्र कुठे चालत नाही याबद्दल एक तरी वाक्य आहे का, ते शोधतो. औषधाच्या खोक्यातल्या कागदावर दुष्परिणाम छापलेले असतात म्हणून आपण औषध टाकून देत नाही. यंत्राच्या लेखाला तोच न्याय लावायला काय हरकत आहे?

दिवाळीनंतर तीन महिन्यांनी पुतणीचा फोन आला. एका वेगळ्या कंपनीसाठी तिला पीएसए प्लांटवरच लेख लिहायचा होता. मी एवढंच म्हटलं, "या वेळी सर्व्हिस इंजिनीअरशी बोल." ती बोलली. त्याने नेहमीच्या पाच तक्रारी सांगितल्या, तिने पाचही लिहिल्या. सेल्स विभागाने त्यातल्या तीन काढल्या. लेखाखाली तिचंही नाव यावं, अशी विनंती तिने केली होती. ती मान्य झाली नाही. पण दमट हवा आणि ड्रेन यांची चौकट राहिली, विजेची एक ओळ राहिली.

अंक आल्यावर तिने मला एक प्रत पाठवली. त्या चौकटीतला मजकूर मी मराठीत लिहून आमच्या प्लांटच्या खोलीत दाराशी लावला आहे. आता दर पाळीला ड्युटीवरचा ऑपरेटर ड्रेन उघडून पाणी निघतंय का पाहतो आणि वहीत सही करतो. पावसाळ्यात मीही सकाळच्या राउंडला जाण्यापूर्वी ती वही चाळतो.