एका पाण्याची चार नावं

ब्रह्मपुत्रेचं नाव शाळेत आपण सगळ्यांनीच ऐकलंय. पण हे पाणी जिथं निघतं, त्या तिबेटात ते नाव चालत नाही. कैलास-मानसरोवराच्या बाजूला उगम पावून ते हिमालयाच्या पलीकडून पूर्वेला धावतं. तिथं त्याला म्हणतात यारलुंग त्सांगपो. त्सांगपो म्हणजे नदीच. नामचा बारवा पर्वताला वळसा घालून ते खाली उतरतं आणि अरुणाचलात सियांग होतं. पुढं दिबांग आणि लोहित मिळाल्या की आसामात ब्रह्मपुत्रा, बांगलादेशात जमुना. सासरी गेल्यावर बाईचं नाव बदलतं म्हणतात, इथं तर ब्रह्मदेवाच्या लेकाचं बदललं! जुनी माणसं त्याला नदी नव्हे, नद म्हणतात.

नामचा बारव्याजवळची दरी इतकी अवघड, की त्सांगपो आणि ब्रह्मपुत्रा एकच आहेत का, हे इंग्रज नकाशेवाल्यांना ठाम सांगता येईना. १८८० साली त्यांनी सिक्कीमच्या किंथुपला एका लामाबरोबर पाठवलं. खुणेचे ओंडके वर त्सांगपोत सोडायचे, आसामात माणसं पाहत बसतील. ओंडके आले तर पाणी एकच. पण लामानं वाटेत किंथुपला चक्क गुलाम म्हणून विकलं आणि पळ काढला. किंथुप निसटला, एका मठात शिरला. तिथल्या प्रमुखानं पैसे भरून त्याला सोडवलं, पण राबवूनही घेतलं. तीर्थयात्रेचं निमित्त सांगून तो रजा काढायचा. त्यानं ५०० ओंडके तोडून लपवले, ल्हासाला जाऊन निरोपाची चिठ्ठी दुसऱ्याकडून लिहवून घेतली, कारण स्वतःला अक्षर येत नव्हतं. मग रोज ५० असे १० दिवस ओंडके सोडले. पण चिठ्ठी वेळेवर पोचलीच नाही. खाली बघायला कुणी नव्हतं. १८८४ साली परतल्यावर त्याच्या तोंडी हकिगतीवर अनेकांनी विश्वास ठेवला नाही. १९१३ साली बेली आणि मॉर्सहेड हे दोन अधिकारी तिकडं फिरून आले, तेव्हा त्याचं सांगणं बरंचसं खरं निघालं.

पाणी एकच, हे काठावरच्यांना वेगळ्याच तऱ्हेनं कळतं. २००० सालच्या एप्रिलमध्ये तिबेटात यिगोंग नदीवर डोंगर कोसळून पाणी तुंबलं. जूनमध्ये तो बांध फुटला. लोंढा त्सांगपोतून सियांगमध्ये आला. अरुणाचलात पूल गेले, घरं गेली, माणसं दगावली. २०१७ च्या अखेरीस ऐन हिवाळ्यात सियांग गढूळ झाली, तेव्हा काठच्या लोकांचा पहिला प्रश्न होता, वर काय झालंय?